पॅलेडियम की निकेल

परवा बुधवार पेठेत रेडिओ दुरुस्तीला टाकायला गेलो, तर सोल्डरिंगचा धूर नाकात गेला आणि काही वर्षांपूर्वीची आमची सदाशिव पेठेतली गॅलरी आठवली. निवृत्तीनंतर मी तिथे शीत संलयनाचं यंत्र जुळवत होतो. भट्टीशिवाय, साध्या तापमानाला अणू जोडून ऊर्जा काढायची, ही जगाने टाकून दिलेली कल्पना. ती मानणारा एकच माणूस मला भेटला होता, वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर. रोज संध्याकाळी आमची जुंपायची. मी म्हणायचो, महागड्या पॅलेडियम धातूऐवजी स्वस्तातलं निकेल वापरू आणि यंत्र बंबाएवढं करू, ते म्हणायचे, "अहो, पॅलेडियमशिवाय काही होणार नाही. आणि आधी चहाच्या कपाएवढं चालवून दाखवा, मग बंब पेटवा." एकदा मी चहा घेऊन बाहेर येत होतो, तर ते फोनवर माझ्या मुलाशी बोलत होते. "भांडलो रे आजही. तू सांगितलंस म्हणून, नाहीतर असल्या खुळात मला कसला रस? पण त्यानंतर बाबा नीट जेवतात ना तुझे, मग झालं." मी कप ठेवले. फोन खिशात टाकून ते लगेच सरसावले, "हं, तर पॅलेडियम!" मी म्हटलं, "तुमचंच बरोबर आहे." त्यांचा चेहरा उतरला. "अहो, असं काय करताय? भांडा की!" मी तारा गुंडाळल्या, त्या कायमच्याच. परवा मात्र त्या धुरात पॅलेडियमविरुद्ध एक बिनतोड मुद्दा सुचला. तो घोळवत घरचा जिना चढताना एक मजला जास्तच चढलो, आणि बेलवर बोट ठेवल्यावर आठवलं, की ह्या माणसाला तो कधी ऐकायचाच नव्हता.