चहा झाल्याशिवाय हल्ला नाही

बश्या गेला तेव्हा मी जिंकत होतो.

आज वर्ष झालं. हे कुणाला बोललो नव्हतो. ज्याला त्यातली गंमत कळली असती तोच नाही, मग सांगणार कुणाला?

बश्या म्हणजे बसवराज. सोलापूरजवळच्या कुंभारी गावचा. कॉलेजात पहिल्या दिवशी माझ्या बेंचवर येऊन बसला तो पुढं कधी उठलाच नाही.

तेव्हा नव्या पेठेत अण्णांचा सायबर कॅफे होता. लेक्चर बुडवून आमची गँग तिथं एक लढाईचा गेम खेळायची. प्रत्येकाला एक छोटं गाव मिळतं. गावकऱ्यांकडून लाकूड तोडून घ्यायचं, सोनं खणून घ्यायचं, सैन्य उभं करायचं आणि समोरच्याचं गाव बेचिराख करायचं. सगळं एकाच वेळी. विचार करत बसलात की मेलात.

एकदा ऐन हल्ल्यात कुणाचा तरी कोपर लागला आणि भरलेला ग्लास कीबोर्डवर. अण्णा असे भडकले की विचारू नका.

"आजपासून हितं चहा आला की लढाई बंद! सगळ्यांचे ग्लास रिकामे झाल्याबिगर कुणी कुणाला मारायचं न्हाय!"

झालं. जगात या गेमचे मोठमोठे डावपेच असतील, आमच्याकडं सगळे डावपेच चहाभोवती फिरायला लागले.

बश्याचं ओपनिंग ठरलेलं. सुरुवातीला शहाणा माणूस मेंढ्या शोधतो, घरं बांधतो. हा पठ्ठ्या चार गावकरी गुपचूप माझ्या वेशीपाशी पाठवायचा आणि झाडीत लपवून ठेवायचा. चहा आला रे आला की माझ्या सोन्याच्या खाणीला खेटून टॉवर बांधायला घ्यायचा.

"ए बश्या, चहा चालू आहे!"

"मग? मारतोय का मी? बांधतोय की. तुझ्या शेजारी प्लॉट घेतलाय म्हण."

आणि स्वतःचा वाफाळता ग्लास दोन घोटांत रिकामा. घसा होता की बॉयलर, देव जाणे. मग खुर्ची सरकवून माझ्या ग्लासात डोकवायचा.

"पी की लवकर. फुंकर काय मारत बसलाईस, सच्या?"

माझा ग्लास संपला की त्या टॉवरमधून बाण सुटणार, हे दोघांनाही माहीत. म्हणून माझंही ओपनिंग एकच होतं. चहा सावकाश पिणं.

एकदा तर इतका सावकाश प्यालो की अण्णांनी शटर ओढायला घेतलं. तेवढी एक मॅच मी हरलो नाही.

एरवी हरायचोच. हरलो की तो कानडीत विचारायचा, "साकु?" म्हणजे पुरे का? मी म्हणायचो, अजून एक.

मग गँग पुण्याला गेली. अण्णांच्या कॅफेच्या जागी मोबाइलचं दुकान आलं. सोलापुरात आम्ही दोघंच उरलो. बश्या टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर, मी ऑफिसात. त्याचं लग्न झालं, माझं राहून गेलं. आई गेल्यावर घरात मी एकटाच.

पण रविवारी सकाळी तो कुंभारीतून आणि मी इथून, ऑनलाइन एक मॅच व्हायचीच. अण्णांचा नियमही आम्ही तसाच ठेवला. चॅटमध्ये "चहा" लिहिलं की हल्ला बंद. "झाला" लिहिलं की परत सुरू.

त्या रविवारी मला त्याची तोड सापडली होती. वेशीपाशी झाडच ठेवलं नाही. सगळं जंगल आधीच तोडलं. त्याचे चार गावकरी उघड्या माळावर सापडले. टॉवर उभा राहिलाच नाही. माझे घोडेस्वार पहिल्यांदाच त्याच्या वेशीपर्यंत पोचले.

तेवढ्यात त्यानं लिहिलं, "चहा."

मी मोठ्यानं हसलो. हरायला लागला की बरी तल्लफ येते याला! घोडेस्वार तिथंच थांबवले.

थांबलो.

त्याच्या गावातली माणसं नुसती उभी. कुणी शेतात, कुणी लाकडापाशी.

"किती वेळ रे? चहाचा मळा लावतोयस का?"

मग बहुतेक त्याच्याकडची लाइट गेली आणि तो गेममधून बाहेर पडला. माझ्या स्क्रीनवर झेंडे फडकले. तुम्ही विजयी झालात.

फोन त्यानंतर आला. हार्ट अटॅक.

बश्या लिंगायत, त्यांच्यात मयताला बसवून नेतात. बश्या बसला होता, कॉम्प्युटरसमोर बसायचा तसाच, जरासा उजवीकडं कललेला. मी समोर उभा राहून बघत होतो. रडूही येईना.

वहिनी म्हणाल्या, "भावजी, गॅसवर चहा तसाच हुता. पार आटून गेला. मी परसात कपडे वाळत घालत हुते. सैपाकघरात जाताना हसत हुते ओ ते. मला म्हणले, सच्यानं आज गाठलं बग मला."

तेव्हा मात्र रडलो. त्यांच्यासमोरच, लहान पोरासारखा.

अजूनही रविवारी गेम लावतो. कॉम्प्युटरशी खेळतो. त्याला चहा कळत नाही, मी ग्लास उचलला की नेमका येतो मारायला. एकदा ऑनलाइन एका अनोळखी माणसाला सवयीनं "चहा" लिहिलं. त्यानं प्रश्नचिन्ह पाठवलं आणि माझं गाव जाळून टाकलं.

त्याचं काय चुकलं? त्याला कुठं माहीत होतं.

मला फार एकटं वाटतं, बश्या. लिहून टाकतो एकदाचं.

श्रद्धांजली बाकीचे वाहतील. मला नाही वाहता येत, कारण तू "झाला" असं अजून लिहिलेलं नाहीस. आपल्या नियमानं मॅच चालूच आहे. घोडेस्वार तुझ्या वेशीबाहेर उभे आहेत, कुणाला हात लावलेला नाही.

आयुष्यभर दोन घोटांत संपवलास.

आता सावकाश पी.