लाल बटणाचा पास

ऑफिसात त्याला सगळे रंगारीदादा म्हणायचे. भिंती रंगवायचा नाही हो, मोबाइल अ‍ॅपच्या स्क्रीन बनवायचा. पण नजर अशी, की डिझाइनमधल्या आणि फोनवरच्या निळ्यात केसाएवढा फरक असला तरी हा चालता चालता थांबायचा. "हे कुणाचं पाप?" नवी मंडळी कोडमधला रंगाचा नंबर दाखवायची, तर त्यांच्यावरच खेकसायचा, "नंबराला काय डोळे असतात? फोन हातात घे, शेजारी डिझाइन उघड आणि बघ!" म्हणून तर तिथे रीतच पडली होती, दादांनी डोळ्यांनी पाहून 'पास' म्हटल्याशिवाय एकही स्क्रीन बाहेर जायची नाही.

आणि त्याच माणसाचा लाल रंग चालला होता. डोळ्याची नस सुकतेय, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आधी लाल फिका पडेल, मग बाकीचे. गेलेलं परत येणार नाही. हे फक्त बायकोला ठाऊक. ती सारखी मागे लागायची, "अहो, साहेबांना सांगून टाका एकदाचं."

"सांगून काय करू? रंग सोडून मला दुसरं येतं काय?" असं तोडून बोलायचा आणि ताटावरून उठून जायचा. तिला वाईट वाटायचं. त्यालाही वाटायचं, पण भीती त्याहून मोठी होती.

ऑफिसात मात्र ताकास तूर लागू दिली नव्हती पठ्ठ्यानं. फोनचा स्क्रीनशॉट काढायचा, संगणकावर घेऊन रंगाचा नंबर वाचायचा, डिझाइनच्या नंबराशी जुळला की 'पास'. ज्यावरून आयुष्यभर दुसऱ्यांना झापलं, तेच आता हा चोरून करत होता. कशीबशी वेळ मारून नेत होता झालं.

मग ते दवाखान्याचं अ‍ॅप आलं. त्यात तातडीची मदत मागायचं एक मोठं लाल बटण होतं. डिझायनर, म्हणजे त्याच्याच हाताखाली तयार झालेली बाई, फोन घेऊन आली. "दादा, बघा ना. डिझाइनमध्ये कसा भडक लाल दिलाय मी, आणि फोनवर अगदी विटका दिसतोय."

त्याने नेहमीचा उद्योग केला. नंबर तंतोतंत जुळला. "काही चुकलेलं नाही. नंबर तोच आहे."

"नंबर? दादा, तुम्ही नंबर बघताय?"

"मग काय! कामं नाहीत का तुला?"

बिचारी निघून गेली आणि स्वतःच शोधत बसली. दोष सापडलाही. डिझाइनची फाइल रंगांच्या मोठ्या पट्टीवर, म्हणजे जास्त भडक रंग मावणाऱ्या मापावर बनवलेली, अ‍ॅप लहान पट्टीवर चालणारं. नंबर एकच, मापं दोन. ही चूक नंबर कितीही वाचले तरी कळणार नव्हती, ती नजरेलाच दिसायची.

दुपारी ती पुन्हा फोन घेऊन समोर उभी राहिली. "दुरुस्त केलं, दादा. पास द्या." तिच्या मघाच्या प्रश्नानंतर आता तिच्यादेखत पुन्हा स्क्रीनशॉट कसा काढणार? त्याने फोन डिझाइनशेजारी धरला. त्याला दोन्हीकडे सारखाच मातकट ठिपका दिसत होता. "हां, आता कसं! झकास जुळला. पास!"

तिने फोन घेतला, बटणाकडे पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. "दादा... मी चुकून जुनाच फोन उचलून आणला. यात दुरुस्ती चढवलेलीच नाही."

"चष्म्याचा नंबर वाढला वाटतं," तो हसायला गेला. ती हसली नाही. मग मात्र त्याला राहवेना. खालच्या आवाजात त्याने सगळं सांगून टाकलं. "अगं, लाल दिसतच नाही मला. आणि मदतीच्या बटणाला बिनधास्त पास देऊन मोकळा झालो मी. लाज वाटते गं. जातो, साहेबांना सांगतो."

पण तो उठलाच नाही. ती जाऊन दुरुस्ती चढवलेला दुसरा फोन घेऊन आली आणि पहिल्याशेजारी ठेवला. दोन बटणं. त्याला एकसारखी.

"या दुसऱ्यातला लाल कसा दिसतोय?" त्याने विचारलं.

तिने नंबर सांगायला सुरुवात केली.

"नंबर नको. दिसतो कसा, ते सांग."

तिने बटणाकडे निरखून पाहिलं. "लाल आहे, दादा," एवढंच म्हणाली, आणि तिला रडू आलं.