देवाच्या कपाटातलं पत्र

मंगलाबाईंना कोणी ‘का’ विचारलं की त्या शांतपणे म्हणायच्या, "का म्हणून विचारूं नक्को. कुठली वही, तें विचार."

ओरत्तनाडूच्या तालुका कचेरीत, रेकॉर्डच्या खोलीत एकतीस वर्षं काढलेल्या बाईचं एवढंच तत्त्वज्ञान होतं. लोक यायचे, टेबलावर हात आपटायचे, माझी जमीन दुसऱ्याच्या नावावर का चढली म्हणून रडायचे, आणि दुपारी रिकाम्या हातांनी परतीच्या बसला लागायचे. जो येऊन सांगे की अमुक सालचं अमुक रजिस्टर, अमुक पान, त्याच्यापुढे पाच मिनिटांत लाल फडक्याचं गाठोडं सुटलेलं असे. रडणाऱ्याला सरकार पाणीही विचारत नाही, पण वहीचं नाव घेणाऱ्याला नाही म्हणताना त्याची जीभ अडखळते, हे मंगलाबाईंनी पुरतं ओळखलं होतं. लग्न त्यांनी केलं नाही आणि त्याची खंतही केली नाही. निवृत्त झाल्यावर तंजावूरच्या राजवाड्यामागच्या बोळातल्या आपल्या दोन खोल्यांत त्या सुखाने राहत होत्या. सकाळी पितळी डबरा-पेल्यातून कॉफी, मग वर्तमानपत्र पहिल्या अक्षरापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत, आणि संध्याकाळी दोन घरं सोडून राहणाऱ्या भावाकडे एक फेरी.

भाऊ म्हणजे सेतुमाधवराव, घरातले अण्णा. तिरुवैयारूच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, चौऱ्याहत्तरीचे, उंच, आणि पडले तरी नाक वर असणारे. त्यांचे पणजोबा तंजावूरच्या मराठा राजाच्या दफ्तरात कारकून होते. ही गोष्ट ते नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगत आणि जुन्याला दर सणाला. गंमत अशी, की पणजोबांचं ते अक्षर घरात आता कोणालाच वाचता येत नव्हतं. मोडी तर गेलीच, पण साधी बाळबोध लिपीसुद्धा अण्णांच्या वडिलांपर्यंतच टिकली. घरात बोलायचं मराठी, लिहायचं तमिळ आणि अर्ज करायचा इंग्रजीत, अशी सोयीची वाटणी झाली होती. मंगलाबाई हे उघड सांगत. अण्णा सांगत नसत. झाकली मूठ सव्वा लाखाची!

शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात अण्णा आणि त्यांची बायको राजम एका लग्नाहून परतत होते. डोंगरातल्या एका छावणीजवळ त्यांची बस घाटात उलटली. जवान धावत आले आणि त्यांनी सगळ्यांना आपल्या लष्करी इस्पितळात नेलं. राजमला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, पण अण्णांची मांडी दोन ठिकाणी मोडली होती. दोन ऑपरेशनं झाली, चाळीस दिवस खाटेवर गेले. पाय वाचला. तिथे वॉर्डाचं कागदकाम बघणारे हवालदार रंगराव साताऱ्याकडचे निघाले. तमिळ मुलखात, डोंगरात, अचानक कानावर जुनं मराठी पडल्यावर तो माणूस हरखूनच गेला. रोज ड्युटी संपली की खाटेशी येऊन बसायचा, राजमला वहिनी म्हणायचा, ‘जेवलें का’ असं ती म्हणाली की पोट धरून हसायचा आणि पुन्हा म्हणायला लावायचा. राजमने त्याला आपलं मन सांगितलं होतं. काशीला जायचं होतं तिला. रीतीप्रमाणे आधीच्या वर्षी रामेश्वरहून वाळूही आणून ठेवली होती, प्रयागला गंगेत सोडायला.

"मराठी वाचता ना तुम्ही?" एकदा रंगरावांनी विचारलं होतं.

"आमचे पणजोबा राजाच्या दफ्तरांत होते," अण्णा म्हणाले. तसं बघितलं तर यात खोटं काहीच नव्हतं.

निघताना बिल हातात पडलं. बिल नंबर सतरा, रुपये बावन्न हजार. लष्कराच्या माणसांना फुकट, बाहेरच्यांना पैसे, असा नियम. अण्णांनी जवळचे सहा हजार भरले आणि उरलेले हप्त्याने फेडीन असं लिहून दिलं. नव्या वर्षापासून दर महिन्याच्या एक तारखेला दोनशे रुपयांची मनीऑर्डर सुरू झाली. कोणी मागायला येत नव्हतं, पण अण्णांची एक तारीख चुकली नाही. त्यातच त्यांनी जाहीर करून टाकलं की डोक्यावर ऋण ठेवून केलेली काशीयात्रा फळत नाही. तेव्हा आधी ऋण, मग काशी.

राजमने वाळू हॉर्लिक्सच्या बाटलीत भरून फळीवर ठेवली. गणिताच्या मास्तरांच्या बायकोला हिशेब कळत होता. दोन हजार सोळा साली हप्ते संपणार, असा तो हिशेब होता. तोवर ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची झाली असती. आणि गेल्या दोन वर्षांत तिचे गुडघे असे धरले होते, की बोळातल्या मारुतीला जायचं तरी भिंतीला धरून.

मंगलाबाईंना हे बघवत नव्हतं. स्वतःच्या पेन्शनीतून बाकी भरून टाकते, असं त्या एकदा म्हणाल्या होत्या. अण्णा तीन दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते.

दोन हजार पाचच्या ऑक्टोबरात वर्तमानपत्रात आलं की आता कोणीही दहा रुपये भरून सरकारकडे कागद मागू शकतो, दिल्लीच्या सरकारकडेसुद्धा. मंगलाबाईंनी ती बातमी दोनदा वाचली, कात्रीने कापली आणि चष्म्याच्या डबीत ठेवली. एकतीस वर्षं त्या कागद देणाऱ्या बाजूला होत्या. मागणाऱ्या बाजूला बसायची संधी आत्ता कुठे येत होती. भावाला न सांगता त्यांनी अर्ज लिहिला, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडली आणि पाठवून दिला.

आणि काय लिहिलं? सगळ्या जगाला शिकवणाऱ्या बाईने नेमकं तेच लिहिलं, जे तिच्या टेबलापुढे रडणारे लोक बोलत असत. माझ्या म्हाताऱ्या भावाकडून अजून पैसे का घेता, त्याची बायको काशीला कधी जाणार, त्याला सूट का नाही. महिन्याच्या आत उत्तर आलं. रुग्णाची माहिती खाजगी आहे, तिऱ्हाइताला देता येत नाही, आणि ‘का’ या प्रश्नाचं उत्तर देणं कायद्यात बसत नाही.

मंगलाबाई ते वाचून स्वतःशीच हसल्या. "चांगलें झालें, मंगले," त्या मोठ्याने म्हणाल्या. "तुज असेंच पाहिजे."

दुसऱ्या अर्जात एकही अश्रू नव्हता. शहाण्णवपासून आजपर्यंत लष्कराबाहेरच्या ज्या रुग्णांची बिलं थकली, त्यांच्या नोंदवहीची नक्कल. नावं नकोत, फक्त बिल नंबर, रक्कम, भरणा, आणि शेऱ्याचा रकाना. शेऱ्याचा रकाना त्यांनी मुद्दाम मागितला. कारकून मनातलं जे काही लिहितो ते तिथेच लिहितो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

एप्रिलमध्ये जाड पाकीट आलं. अकरा पानं. त्या कितीतरी दिवसांनी इतक्या खूश झाल्या होत्या. आधी कॉफी केली, मग पदराने टेबल पुसलं आणि पानं लावून बसल्या. कोणाचे आठशे थकलेले, कोणाचे ऐंशी हजार. कोणी एकदा भरून पसार झालेलं. कोणाच्या पुढे ‘मृत’. दुसऱ्या पानावर ‘बस अपघात’ या मथळ्याखाली बसवाल्यांची ओळ लागली. तेवीस बिलं, आणि तेवीसही जणांपुढे एकच इंग्रजी शब्द, ‘Waived’. माफ. तारीख जून अठ्ठ्याण्णव.

मंगलाबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. बिल नंबर सतरा. माफ. पुढे शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरांत आणखी दोन ओळी होत्या. ‘या रुग्णास मराठीतून पत्राने कळवले. त्यानंतरही येत असलेल्या रकमा रुग्णांच्या दूध-फळांसाठी देणगी म्हणून जमा.’

मराठीतून. मंगलाबाईंची कॉफी तशीच राहिली. आठ वर्षांपूर्वी इस्पितळातून आलेलं एक पत्र त्यांना आठवलं. निळ्या शाईने हाताने लिहिलेलं, दोन पानांचं. राजमने काय आलंय म्हणून विचारलं, तेव्हा अण्णांनी चष्मा लावून, प्रत्येक ओळीच्या टोकाला जरा थांबत, ते वरपासून खालपर्यंत पाहिलं होतं. मग घडी घालून म्हणाले होते, "तगादा. पैसे वेळेवर पाठवा म्हणून." आणि ऋणाचा कागद पायदळी नको, म्हणून तो देवाच्या कपाटात गेला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा.

राजम मारुतीला गेलेली वेळ साधून मंगलाबाई भावाकडे गेल्या. पान पुढे ठेवलं आणि सतरा नंबरवर बोट ठेवलं. अण्णांनी वाचलं. मग उठून देवाच्या कपाटातून, कुंकवाचे डाग पडलेलं ते पत्र काढून आणलं आणि बहिणीच्या हातात दिलं, जणू ती वाचणार होती.

"मज वाचतां येत नाही, मंगले."

"मज ठाऊक आहे, अण्णा. मजही येत नाही."

"चार घरांपलीकडे ती वरलक्ष्मी हिंदी शिकवते, अक्षरें तींच. तिला दाखवलें असतें तर एका मिनिटाचें काम." अण्णांनी चष्मा काढून ठेवला. "पण तिलाही मी पणजोबांचें सांगितलें होतें."

मंगलाबाईंना भावाची भयंकर कीव आली, आणि तितकाच रागही आला. त्या भोळ्या हवालदाराने आपली माणसं म्हणून मायेने आपल्या भाषेत लिहिलं, आणि त्या मायेनेच घात केला. इंग्रजीत चार ओळी खरडल्या असत्या तर हे घर आठ वर्षांपूर्वीच काशीला जाऊन आलं असतं.

"राजमला सांगूं नक्को," अण्णा म्हणाले. "सरकारने आतां माफ केलें म्हणून सांगूं."

एकतीस वर्षांत मंगलाबाईंनी पुष्कळ लोकांना पुष्कळ कागद काढून दिले होते, पण तारीख कधी कोणासाठी बदलली नव्हती. "ज्याचा कागद, त्याला दाखवायचा," त्या म्हणाल्या. "हा वैनीचा कागद आहे. मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचें."

त्यानंतर तीन आठवडे रोज दुपारी सेतुमाधवराव छत्री घेऊन बाहेर पडत आणि पंचांग बघायला जातो म्हणून सांगत. वरलक्ष्मीच्या ओसरीवर, तिची मुलं शाळेतून यायच्या आत, माजी गणित मास्तर पाटीवर ‘क’ काढत बसलेले असत. वरलक्ष्मी हुशार बाई. तिने पणजोबांचा विषय काढला नाही.

मग एका शुक्रवारी पूजा झाल्यावर त्यांनी मंगलाबाईंना बोलावून घेतलं, राजमला पाटावर बसवलं आणि पत्र उघडलं. एकेका अक्षरावर बोट ठेवून, घाम पुसत, ते वाचू लागले. एक ओळ वाचायला त्यांना एक मिनिट लागत होतं.

"श्री. सेतुमाधवराव यांस... सा. न. वि. वि. ... मोठ्या साहेबांनी बसमधल्या सगळ्यांची बिलं माफ केली. बाकीच्यांना इंग्रजी कागद गेला. पण तुम्ही आपली माणसं, म्हणून मी हाताने मराठीत लिहितो. आता एक पैसाही पाठवू नका. राजमवहिनींना सांगा, रामेश्वरची वाळू फार दिवस घरात ठेवू नये. लवकर काशीला जाऊन या. तुमचा, रंगराव."

राजमने पत्र मागून घेतलं. तिलाही ते वाचता येत नव्हतं. ती नुसतीच बघत राहिली.

"कधीचें हें?"

अण्णांनी तारीख वाचली. आकडे तर त्यांना पहिल्या दिवशीच यायला लागले होते.

"माझे गुडघे तेव्हां चांगले होते," राजम म्हणाली, आणि उठून आत गेली.

चार दिवस तिने जेवण वाढलं, ताक वाढलं, पण शब्द वाढला नाही. अण्णा घरात चोरासारखे वावरले. पाचव्या दिवशी मंगलाबाई गेल्या, तर राजम फळीवरची हॉर्लिक्सची बाटली काढून पुसत होती.

"मंगला, तो पैसा वाया गेला काय?"

"नाही वैनी. तिथल्या आजाऱ्यांना दूध आणि फळें दिली म्हणून लिहिलें आहे."

"आठ वर्षें?"

"आठ वर्षें."

राजम बाटली पुसत राहिली. हळूहळू तिच्या चेहऱ्यावर एक हसू आलं, जे मंगलाबाईंनी फार वर्षांत पाहिलं नव्हतं. "देणेंकरी म्हणून बसलों होतों घरांत, आणि तिकडे अन्नदान चाललें होतें," ती म्हणाली. मग आतल्या खोलीकडे तोंड करून तिने आवाज चढवला. "तिकीट काढा म्हणावें! आणि त्या मुलखांत सगळ्या पाट्या ह्याच अक्षरांत असतात. स्टेशनापासून घाटापर्यंत एक-एक पाटी मज मोठ्याने वाचून दाखवायची. एक चुकली तर मी तिथेच बसेन. गुडघे दुखतातच आहेत."

आतून अण्णांचा "सरी, सरी" असा तमिळ होकार आला.

पुढच्या महिन्याची एक तारीख निघायच्या आदल्या दिवशी आली. अण्णा नेहमीसारखे पोस्टात गेले. बरोबर मंगलाबाई होत्या, आणि दोघांच्या मध्ये काठी टेकत राजम. अण्णांनी मनीऑर्डरचा फॉर्म भरला. रक्कम तीच, दोनशे. संदेशाची जागा ते एरवी कोरी सोडत. आज त्यांनी पेन धरलं आणि मोठमोठ्या, पहिलीतल्या मुलासारख्या अक्षरांत लिहायला घेतलं. मागे रांग खोळंबली. पोस्टातला माणूस काही बोलणार, तोच मंगलाबाईंनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की तो गप्प बसला.

लिहून झाल्यावर राजम म्हणाली, "वाचा."

अण्णांनी वाचलं.

"हवालदार रंगराव, असाल तिथे. तुमचें पत्र वाचलें. उद्यां वाळू घेऊन निघतों."