सरांचा कोड आवरायला गेले

फजिती माझीच आहे, तेव्हा मीच सांगितलेली बरी. दुसऱ्या कुणी सांगितली तर तिखटमीठ लावील.

बी.एस्सी. होऊन मी जालन्यातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये लागले होते. मागून कुणी हाक मारली तरी हातातला माउस सुटायचा, इतकी मी धीराची. क्लासची नवी शाखा कुंभार पिंपळगावात निघणार होती. उद्घाटनाला गावातल्या अकरा वडीलधाऱ्यांचा सत्कार. सर म्हणाले, "कार्यक्रम बराबर झाला, तर ही शाखा तू सांभाळायची."

सत्कारमूर्तींची नावं आणि सोबत कौतुकाची ओळ मोठ्या टीव्हीवर एकेक अक्षर नाचत येणार होती. कोड सरांनी लिहिलेला. आता काय सांगू, एका नावाला तीस ओळी, आणि त्याच ओळी अकरा वेळा चिकटवलेल्या! वर आकडे वाट्टेल ते. एका नावानंतर वीस सेकंद थांबा, दुसऱ्यानंतर चाळीस, भीमराव अण्णांच्या नावानंतर चक्क नव्वद. मला वाटलं, सरांना लिहिता लिहिता डुलकी लागली असणार.

मी सगळं आवरलं. नावांची एक यादी, ती नाचवणारं एकच फंक्शन, प्रत्येक नावाला सरसकट पाच सेकंद. तीनशे तीस ओळींच्या चाळीस झाल्या. सरांना दाखवलं नाही. म्हटलं, तिथंच चकित होतील.

झाले ना!

पहिलं नाव भीमराव अण्णांचं. हातात काठी. अण्णा खुर्चीतून उठेपर्यंत दुसरं नाव आलं, पायरीशी पोचेपर्यंत पाचवं. सूत्रसंचालन करणारे मास्तर टीव्हीत बघून नावं वाचत सुटले. ज्याचं नाव येईल तो उठला. स्टेजवर सहा जण आणि शाल एक.

"पोरी, मी अजून पायरीवरच हाय," अण्णा म्हणाले, "तुम्ही मला उतरवलं बी?"

रहीमचाचांच्या गळ्यात हार पडला, तेव्हा मागे टीव्हीवर नाव होतं माजी सरपंच सुमनबाईंचं. चाचांनी वळून पाहिलं. "बेटी, आता घरी काय सांगू?"

सर घामाघूम होऊन माझ्या लॅपटॉपपाशी आले. "अगं, ते आकडे मी घरोघर जाऊन काढले होते. कोण किती सावकाश चालतं, कुणाचे गुडघे दुखतात. काय करून ठेवलंस?"

माझी शाखा मला डोळ्यांदेखत जाताना दिसली. पण कोड तर माझा होता, आणि त्यात सेकंद एकाच ठिकाणी लिहिलेले! "सर, दोन मिनिटं द्या. बस, एवढंच बदलते."

मास्तरांनी सगळ्यांना खाली बसवलं. मी ते सेकंदच काढून टाकले. आता कळ दाबली की पुढचं नाव, नाहीतर नाही.

अण्णा पुन्हा उठले. चढले, शाल घेतली, वर शेतीवर भाषणही ठोकलं. नाव जागचं हललं नाही. सुमनबाई, रहीमचाचा, एकेक करत अकरा सत्कार बिनचूक. शेवटच्या, पैलवान दगडूबांच्या नावाला टाळ्या पडल्या तेव्हा मी खुर्चीतल्या खुर्चीत उंच झाले होते.

"आणि ही करामत करणारी मुलगी, आजपासून या शाखेची प्रमुख," सर माइकवरून म्हणाले, "तिनं वर यावं."

मी दचकले, धावले, शाल घेतली. कळ दाबायला मागे कुणीच उरलं नव्हतं.

शाखेत तो फोटो अजून आहे. खांद्यावर शाल, डोळे भेदरलेले, आणि डोक्यावर ठसठशीत अक्षरांत माझी ओळख: 'पैलवान दगडूबा, उभ्या तालुक्याला भारी.'