न झोंबणारा थेंब

थेंब पडायच्या आधीच बाबांची मूठ चादरीवर आवळली गेली आणि माझा हात थबकला.

काचबिंदूचं जुनं औषध डोळ्यांत फार झोंबायचं, म्हणून त्यांनी ते महिनाभर गुपचूप बंद ठेवलं होतं. डॉक्टरांनी डोळ्यांचा दाब मोजला, तो वाढलेला निघाला आणि ते उघड झालं. "गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळा," असं म्हणून त्यांनी दोन औषधं एकत्र असलेले, डोळ्यांना झोंबणारं प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले नवे थेंब दिले. मी बाबांवर चिडले होते. पण रोज ‘थेंब घातले का?’ विचारणाऱ्या मला ‘झोंबतंय का?’ हे विचारणं कधी सुचलंच नव्हतं. काळजीलासुद्धा किती कमी दिसतं!

छोट्या कुपीतून थेंब पडला. मी विचारलं,

"झोंबतंय?"

"नाही गं," बाबा म्हणाले, आणि दुसरा डोळा त्यांनी स्वतःच बोटांनी उघडून धरला.