नॉब कुणी फिरवला

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगायला बसलो की तोंडातून भलतंच काहीतरी निघतं — पाणी आलं का, लाइट कधी जाणार. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणूनच कदाचित तुम्हाला सांगवतंय.

मी इलेक्ट्रिशियन. रेवदंड्यात नाझिमभाईंचं वर्कशॉप आहे — रिक्षा, होड्यांची इंजिनं, पंक्चर, सगळंच. पांडूकाका त्यांच्याकडे वीस वर्षं कामाला होते. साठीला आलेले, जरा विसरभोळे. खिशात पाना ठेवून सगळीकडे पाना शोधायचे आणि आम्ही हसायचो.

सहा वर्षांपूर्वी तिथला हवा भरायचा कॉम्प्रेसर सुरू होईना. मी मोटरचा कपॅसिटर बदलला, मशीन चाललं. "कपॅसिटरच गेला होता," मी सगळ्यांसमोर ऐटीत सांगितलं. चौथ्या दिवशी परत फोन — पुन्हा बंद. या वेळी प्रेशर स्विचचं झाकण उघडलं. टाकी भरली की मोटर आपोआप बंद करतो, तो हा स्विच. खाऱ्या हवेने आतले कॉन्टॅक्ट हिरवे पडून झिजले होते. दोष पहिल्यापासून तिथेच होता. मी उघडून पाहिलंच नव्हतं.

तेवढं कबूल केलं असतं तर काय बिघडलं असतं? लोक हसले असते, बस. पण मला तेही नको होतं. पॅनलवर एक नॉब होता — एकीकडे 'ऑटो', दुसरीकडे 'मॅन्युअल'. मॅन्युअलवर ठेवला की स्विचचा संबंधच उरत नाही. माणूस बंद करेपर्यंत मोटर चालतच राहते. मी नॉब तिकडे फिरवला. मोटर धडधडली. अलिबागहून नवा स्विच आणून दोन दिवसांत गुपचूप बसवू, असं मनात. जादा हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हची कडीही ओढून पाहिली नाही. मोटर बंद केली, "झालं," म्हणालो आणि निघालो. नॉबबद्दल कुणाला — एका शब्दानेही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पांडूकाकांनी नेहमीसारखा कॉम्प्रेसर लावला आणि डबा उघडून जेवायला बसले. तो आपला आपण बंद व्हायचा, इतकी वर्षं होत आला होता. त्या दिवशी झाला नाही. व्हॉल्व्ह गंजून बसलेला. टाकीवरचा जोड फुटला आणि उडालेला तुकडा नाझिमभाईंच्या डाव्या डोळ्यात गेला.

काय झालं ते बघायला बोलावलं — मलाच. नॉब मी ठेवला तिथेच होता. चार माणसं उभी होती. पांडूकाकांच्या शर्टावर नाझिमभाईंचं रक्त. मी तोंड उघडलं आणि त्यातून आलं, "काका, हा नॉब तुम्ही फिरवलात का?"

ते नॉबकडे बघत राहिले. मग म्हणाले, "फिरवला आसंल रं... माझ्या ध्यानात न्हाय."

मी खोटं बोललो नाही, असं स्वतःला सांगत आलो. नुसतं विचारलंच होतं ना? — पण का विचारलं, ते मला विचारतानाच ठाऊक होतं.

डोळा गेला. नाझिमभाई काकांना कधी वाकडं बोलले नाहीत; काकांनीच वर्कशॉपची चावी आणून दिली आणि काम सोडलं. नवा स्विच मी बसवला. नाझिमभाईंनी माझे आभार मानले.

पुढे काकांची बायको बाजारात भेटली. म्हणाली, "ग्यासला हात लावत न्हाईत. नातीला एकटं घेत न्हाईत. म्हणतात, माझा भरवसा न्हाय." मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मान हलवली.

गेल्या आठवड्यात सकाळी त्यांच्या दारावरून चाललो होतो. त्यांनी हाक मारली.

"तू लायटीतला मानूस. जरा बघ रं, पंपाचा स्विच मी बंद केलाय का. तीनदा बघून आलो, तरी..."

मी आत जाऊन पाहिलं. बंद होता.

"बंद आहे, काका," मी म्हणालो. तेवढंच म्हणालो, आणि निघालो.