मालिकेतलं नाव नको

प्रसूतिगृहात नोकरी करणाऱ्या बाईला किस्से गोळा करावे लागत नाहीत. बाया खाटेवर पडून बोलतच असतात. तोंडात थर्मामीटर असेल तेवढीच काय ती शांतता. आमचं प्रसूतिगृह जळगावात, पिंप्राळ्याच्या रस्त्यावर. नव्वदच्या आसपास डॉक्टरबाईंनी बाहेरच्या हॉलमध्ये कलर टीव्ही बसवला आणि तेव्हापासून बाळांची नावं पंचांग सोडून टीव्हीतून यायला लागली.

मला आधी गंमत वाटायची. मग धुळ्याला माझ्या वहिनीला, रेखाला, दिवस गेले आणि गंमत संपली. तिची पहिली मुलगी तीन दिवसांची होऊन गेली होती, बारसं व्हायच्या आत. आता या बाळाचं नाव ठेवायचा मान आत्या म्हणून माझा, आणि मी जाम घाबरले होते. का, ते ऐका.

* * *

मंगळवारच्या एका मालिकेतली नायिका सगळ्यांना फार आवडायची. शाल्मली. एका आठवड्यात आमच्याकडे तीन शाल्मली झाल्या! इंजेक्शनसाठी हाक मारली की तीन आया उठून बसायच्या. शेवटी आम्ही त्यांना पहूरची, दोन नंबरची आणि रडकी अशी नावं पाडली.

पुढच्या मंगळवारी मालिकेत शाल्मलीचे डोळे गेले. बुधवारी सकाळी तिन्ही आया बाळं घेऊन डॉक्टरबाईंच्या दारात उभ्या. बाईंनी हसत हसत बॅटरी घेतली आणि तपासलं. दोघी ठीक निघाल्या. तिसरीच्या डोळ्यांवर उजेड पाडला तर पापणीसुद्धा हलली नाही. बाईंनी पुन्हा पाडला. मग म्हणाल्या, इतक्या लहानपणी काही कळत नाही, महिन्याभरानं आणा.

तिच्या आईनं घरी जाऊन नाव बदललं, सुमन केलं. महिन्यानं आणली तेव्हा पोरगी बॅटरीकडे टकामका बघत होती. डॉक्टरबाईंनी कागदावर 'नॉर्मल' लिहिलं, पण त्या दिवशी त्या हसल्या नाहीत.

* * *

पारोळ्याकडचे एक नाना नातू बघायला आले आणि नाव सांगून मोकळे झाले. दुर्जय. मी म्हटलं, नाना, हा तर त्या रविवारच्या मालिकेतला खलनायक, गावाला आग लावणारा! नाना शांतपणे म्हणाले, "बठ्ठा मरी ग्यात. हाऊ एकलाच जित्ता शे." खरंच, मालिकेतले बाकी सगळे मेले होते, जिवंत उरला तो हाच.

मी वॉर्डभर सांगून हसवलं. त्याच पंधरवड्यात आमच्याकडे कावीळ झालेल्या बाळांची रांग लागली. दुर्जयच्या डावीकडची दोन पिवळी पडली, उजवीकडची तीन. मधला दुर्जय मात्र गुलाबी, पाय झाडत पडलेला. सगळी बाळं बरी होऊन घरी गेली, तेव्हा दोन आया जाता जाता माझ्याकडे आल्या. त्या मालिकेत दुर्जयला भाऊ आहे का, असं विचारत होत्या.

* * *

असोद्याच्या एका केळीवाल्या घरात मुलगी झाली. नाव ठरलं, पाळणा आणला, पाहुणे बोलावले. बारशाच्या आदल्या दिवशी मालिकेतली त्या नावाची मुलगी रेल्वे स्टेशनवर हरवली. सासूबाई म्हणाल्या, ती सापडल्याशिवाय बारसं नाही.

मालिका आठवड्यातून एकदा. लस द्यायला आणली की मी विचारायचे, सापडली का? सून मान हलवायची. असे दोन महिने गेले आणि मालिका मध्येच बंद पडली. ती मुलगी कायमची स्टेशनवरच राहिली. इकडे घरी सगळे 'बाई' म्हणत होते, तेच नाव पडलं.

ही बाई चालायला लागली आणि दार उघडं दिसलं की बाहेर जायला लागली. दर वेळी एसटी स्टँडवर सापडायची. रडायची नाही, घाबरायची नाही. कंडक्टरनं एकदा विचारलं, कुठं निघालीस? ती म्हणाली, "घरी."

तिची आई हे मला सांगत होती आणि माझ्या हातातला कापूस तसाच राहिला.

* * *

म्हणून धुळ्याला वहिनीला मुलगी झाल्याचं कळलं तेव्हा मी पक्कं ठरवलं. मालिकेतलं नाव नको. पुस्तकातलं, पुराणातलंसुद्धा नको. ज्या नावाला गोष्ट आहे, त्या नावाला काहीतरी घडणारच. जळगावहून धुळ्याला जाताना एसटीत बसल्या बसल्या मी एक नाव तयार केलं. रेखातला रे आणि माझ्या भावाच्या, विलासच्या नावातला विला. रेविला. कोणाला सांगितलं नाही.

रविवारी सकाळी बारसं झालं. पाळण्यात वाकून मी बाळाच्या कानात नाव सांगितलं, बायांनी माझ्या पाठीत धपाटे घातले. विलासनं अर्थ विचारला. मी म्हटलं, अर्थ काहीच नाही, म्हणून तर ठेवलं! सगळे हसले. वहिनी हसली नाही. पहिली गेल्यापासून ती तशी हसतच नव्हती, आणि त्या मुलीबद्दल एक शब्दही बोलत नव्हती.

जेवणं झाली, पाहुणे टेकले, कोणीतरी टीव्ही लावला. दुपारची नवी मालिका, पहिलाच भाग. त्यातही पाळणा होता. एक म्हातारी वाकली आणि बाळाला म्हणाली, रेविला.

विलास माझ्याकडे वळला. "अक्का, तू हे आधी कुठं पाहिलं होतंस का?"

मी मानेनंच नाही म्हटलं. हा भाग कधीच तयार होऊन पडला असणार, मी एसटीत बसायच्या आधी. मला शाल्मली आठवली, स्टेशनवरची ती मुलगी आठवली. या रेविलाचं पुढं काय होणार, ते मला ऐकायचं नव्हतं. विलासलाही नसावं. तो टीव्ही बंद करायला उठला.

"राहू द्या," वहिनी म्हणाली. बाळ तिच्या मांडीवर झोपलं होतं. "ऐकू द्या."

पडद्यावरच्या बाळंतिणीनं नावाचा अर्थ विचारला. म्हातारी म्हणाली, "जो एक बार जाकर लौट आई."

विलासचा हात बटणावर तसाच राहिला. वहिनी रडली नाही, दचकलीही नाही. तिनं बाळाच्या कपाळावरची टोपड्याची नाडी बाजूला केली, अगदी जवळ वाकली आणि हळूच विचारलं, "आता ऱ्हाशी ना, माय?"

बाळानं डोळे उघडले आणि तिच्याकडे बघत राहिलं.